साहेबांचं गाण्याचं यंत्र

साहेबाबरोबर डोंगर चढावा, साहेबाबरोबर प्यावं, वेळ आलीच तर बायकोला साहेबाच्या घरी कोबीला मीठ-तिखट चोळायलाही धाडावं. पण साहेबासाठी वस्तू निवडायला जाऊ नये. हे शहाणपण मिन दोक-गीला सुचलं तेव्हा वेळ निघून गेली होती. शहाणपणाची ही खोडच आहे. ते कधी वेळेवर येत नाही, आणि आलं की जायचं नाव घेत नाही.

मिन सोलमधल्या फरश्या चिकटवायचं सिमेंट बनवणाऱ्या एका कंपनीत उपव्यवस्थापक होता. व्यवस्थापकपदानं त्याला दोनदा हुलकावणी दिली होती. तिसऱ्यांदा बढती हुकली की माणूस 'मानाने निवृत्त' होतो, असं कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण कंपनीतल्या मांजरालाही ते ठाऊक होतं. या मानाच्या निवृत्तीत मान कंपनीचा असतो आणि निवृत्ती आपली. यादी डिसेंबरात लागायची, आणि मिनच्या विभागाच्या यादीवर सही करायची ती संचालक प्यो इन-बोम यांनी.

प्योसाहेबांना डोंगराची भारी आवड. त्यामुळे सगळ्या विभागालाच डोंगराची आवड होती. महिन्यातल्या एका शनिवारी सगळ्यांनी दोबोंगसानच्या पायथ्याशी जमायचं आणि साहेबांच्या मागून चढायचं. फार मागे राहायचं नाही, पुढे तर मुळीच जायचं नाही. साहेब साठीला टेकले होते, पण केस बुटाच्या पॉलिशइतके काळे. त्यांच्या वयाचा विषय कोणी काढत नसे. माथ्यावर पोचलं की साहेब भाताच्या गुंडाळ्यांचा डबा उघडत, त्यातला लोणच्याचा पिवळा मुळा चॉपस्टिकनं एकेक करून बाहेर काढत आणि झाकणावर ठेवत. ते झाकण मग आपोआप मिनच्या पुढ्यात सरकायचं. साहेबांनी काढलेला मुळा टाकायचा कसा, म्हणून मिन तो खायचा. इतकी वर्षं खाल्ला. मुळा आवडतो का, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही सांगितलं नव्हतं.

तर त्या ऑक्टोबरात चढता चढता शेजारून एक म्हातारा पुढे गेला. त्याच्या पाठपिशवीला एक गाणारं यंत्र लटकत होतं आणि त्यातून जुन्या चालीचं एक रडवं गाणं सगळ्या डोंगराला ऐकू जात होतं. प्योसाहेब थांबले.

"हे बरंय बुवा," ते म्हणाले. "डोंगरात गाणं हवं, मिन. नुसते एकमेकांचे श्वास ऐकत चढायचं म्हणजे दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं."

एवढंच. माणूस बोलून जातो आणि विसरतो. पण खाली उतरल्यावर पायथ्याच्या खानावळीत तांदळाची दारू आली, कांदापातीची धिरडी आली, आणि तिसऱ्या वाडग्यानंतर मिन उभा राहिला. का उभा राहिला, हे त्याचं त्यालाही पुढं कधी उमगलं नाही.

"साहेब! पुढच्या डोंगराला गाणं असेल! ती जबाबदारी माझी!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जबाबदारी आपल्यावर आली नाही की माणसं फार मनापासून टाळ्या वाजवतात.

घरी योंग-रानला, म्हणजे बायकोला, सांगितलं तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. तिनं मोजा झटकला.

"अहो, तुम्ही निवडणार? तुम्ही वॉशिंग मशीन निवडलं होतंत तेव्हा काय झालं आठवतंय ना?"

"ते वेगळं होतं."

"वेगळं काय? दारातून आतच येईना ते. दोन दिवस लिफ्टसमोर उभं होतं. लोकांनी त्याच्यावर जाहिराती चिकटवल्या."

"अगं, हे खिशात मावेल एवढं असतं. दाराचा संबंध येतच नाही."

"तुमचा संबंध येतो ना," योंग-रान म्हणाली.

सासूबाई व्हरांड्यालगतच्या खोलीत टीव्हीवर गाण्याची स्पर्धा बघत बसल्या होत्या. त्यांचं लक्ष टीव्हीकडे असलं तरी कान घरभर असत. "जावईबापू, बटणं मोठी बघून घ्या. आवाजही मोठा हवा. आणि एक सांगून ठेवते, माझ्यासाठी काही आणू नका हं! मला काय करायचंय? खालच्या मजल्यावरच्या बाईंना लेकानं आणून दिलंय, त्या दिवसभर ऐकतात. मला मुळीच नको." हे त्यांनी त्या आठवड्यात इतक्यांदा सांगितलं, की दुसऱ्या एखाद्या जावयानं दोन यंत्रं आणली असती. पण मिनच्या डोक्यात साहेबांशिवाय कोणाला जागाच नव्हती.

वरच्या मजल्यावर गुक मास्तर राहत. शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांना सल्ला विचारायला कोणी येत नसे, म्हणून तेच सल्ला घेऊन येत. कोणाच्या घरी विजेवर चालणारी वस्तू यायची नुसती चर्चा जरी झाली, तरी मास्तरांची चप्पल दारात दिसे.

"आधी मला एक सांगा," ते जमिनीवर मांडी घालून म्हणाले, "तुमच्या साहेबांचा कान कसा आहे?"

"चांगला आहे. म्हणजे दोन्ही आहेत."

"तसं नव्हे हो! वयाबरोबर कानाला उंच स्वर ऐकू येईनासे होतात. तर यंत्र कानाच्या वयाचं हवं. वय काय त्यांचं?"

"मास्तर, ते विचारता येत नाही."

"मग यंत्रही घेता येत नाही," असं म्हणून मास्तरांनी सहा प्रकारच्या यंत्रांची माहिती दिली, त्यातली पाच आता बाजारात मिळत नाहीत असंही सांगितलं, आणि जाताना शेवग्याच्या चहाऐवजी बार्लीचा चहा का प्यावा हेही सांगून गेले. मिनच्या घरी शेवग्याचा चहा कधी कोणी केलाच नव्हता.

शेवटी मिननं ऑफिसातल्या रा हे-वोनला विचारलं. ती विभागातली सगळ्यात तरुण, आणि तिच्या कानात कायम वायरी असत. तिनं क्षणात एक यंत्र सुचवलं. बिस्किटाएवढं पातळ, रुपेरी, बटण नावाला नाही, नुसतं एक वर्तुळ. त्यावर बोट फिरवायचं. "मिनसाहेब, हे घेतलंत की समोरचा गप्पच होतो," ती म्हणाली. ते खरंच निघालं, पण वेगळ्या अर्थानं.

मिननं ते घेतलं, घरी आणलं, सील फोडलं आणि त्यात गाणी भरायला बसला. साहेबांचं आवडतं गाणं सगळ्या विभागाला पाठ होतं. ऑफिसनंतर तासावर भाड्यानं मिळणाऱ्या गाण्याच्या खोलीत गेलं की साहेब माइक धरून तेच एक गाणं म्हणत: बंदरावरून बोट निघते, त्या बोटीतून कोणीतरी जातं आणि परत येत नाही. सगळ्या विभागानं त्या न परतणाऱ्या माणसासाठी आजवर शेकड्यानं टाळ्या पिटल्या होत्या.

गाणं विकत घ्यायचं म्हणजे संकेतस्थळावर आधी सभासद व्हावं लागतं. सभासद होण्यासाठी संगणकात तीन सुरक्षा कार्यक्रम बसवावे लागतात. तिसरा बसला की पहिला म्हणतो, मी याच्याबरोबर राहणार नाही. मिननं त्यांची कशीबशी समजूत घातली, तर पैसे भरण्यासाठी ओळखीचं प्रमाणपत्र मागितलं. प्रमाणपत्राची मुदत उन्हाळ्यातच संपलेली. म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो बँकेत गेला. बँकेतल्या मुलीनं त्याचं ओळखपत्र पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा ओळखपत्राकडे पाहिलं.

"साहेब, हा फोटो तुमचाच आहे ना?"

"माझाच."

"यात केस आहेत."

"तेव्हा होते."

"मग आधी वॉर्ड कार्यालयातून नवा फोटो लावून आणा," ती फार मऊपणानं म्हणाली. ती ओरडली असती तर मिनला बरं वाटलं असतं. फोटो काढला, वॉर्ड कार्यालयात गेला. तिथं बोटाचा ठसा जुळेना, कारण सिमेंटच्या कंपनीत सुरुवातीची वर्षं गोदामात गेली होती आणि रेघा झिजल्या होत्या. कंपनीसाठी आपण बोटंसुद्धा झिजवली, असं तो नेहमी म्हणे. ते शब्दशः खरं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

ठसा अखेर जुळला आणि गाणं यंत्रात उतरलं. मिननं सगळ्यांना बोलावलं. सासूबाई आल्या, योंग-रान आली, गुक मास्तर न बोलावता आले. मिननं वर्तुळावर बोट फिरवलं. शांतता. पुन्हा फिरवलं. पुन्हा शांतता.

"वाजतंय का?" सासूबाईंनी विचारलं.

"वाजतंय. हे कानात घालायचं असतं," असं म्हणून मिननं एक वायर त्यांच्या कानात खोचली. सासूबाईंचा चेहरा उजळला आणि लगेच विझला.

"मग बाकीच्यांनी डोंगरावर काय करायचं? साहेबांच्या तोंडाकडे बघायचं?"

मास्तरांनी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि रोग्याच्या नातेवाइकांशी बोलावं तसा आवाज काढला. "याला बाहेरचा आवाजच नाही, मिन. मी तुम्हाला सांगणारच होतो." सांगणारे लोक नेहमी सांगणारच असतात.

मग शनिवारी मिन योंगसानच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेला. त्या बाजारात जिना संपतो तिथून दुकानदार सुरू होतात आणि प्रत्येक जण एकच विचारतो, "साहेब, कितीला बघून आलात?" मिन कुठूनच काही बघून आला नव्हता. तो तोंड लपवून चालत राहिला आणि शेवटी ज्यानं बाही धरली त्याच्याच दुकानात शिरला. दुकानदार गोलमटोल, हसरा, डोक्याला पट्टी बांधलेला. त्यानं रुपेरी यंत्र हातात घेतलं.

"सील फोडलंत. सोललेलं केळं कोणी परत घेतं का हो साहेब?"

"बदलून द्या. वर काय लागेल ते देतो. मला मोठ्यानं वाजणारं पाहिजे. डोंगरावर न्यायला."

"कोणासाठी?"

आता इथं मिननं 'एका माणसासाठी' म्हणायचं होतं. 'मित्रासाठी' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण पोटात इतक्या वर्षांची नोकरी मुरलेली. साहेबांचं नाव निघालं की त्यांच्या पाठीमागेसुद्धा, अनोळखी माणसापाशीसुद्धा, तोंडातून तेच बाहेर पडायचं.

"आमच्या साहेबांसाठी," मिन हात जोडून म्हणाला. "म्हणजे साहेब तरी कसं म्हणू? आम्हाला ते वडिलांच्या जागी आहेत."

दुकानदार एकदम गंभीर झाला. "वडिलांच्या जागी! अहो, मग इतका वेळ बोलला का नाहीत?" त्यानं आतून एक लाल यंत्र काढलं. साबणाच्या डबीएवढं, गळ्यात अडकवायला पट्टा, पुढे टॉर्च, आणि बटणं अशी की हातमोजे घालूनही दाबता यावीत. त्यानं एक दाबलं. दुकानाच्या काचा थरथरल्या.

"हजारो गाणी आतच भरलीत. संगणक नको, प्रमाणपत्र नको."

'प्रमाणपत्र नको' ऐकून मिनच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

"आणि तुमचा भाव बघून आपल्याकडून वर एक भेट. सुरू केलं की आधी एक छोटीशी शुभेच्छा वाजेल, अशी सोय करून देतो. वडीलधाऱ्यांना फार आवडते. फुकट."

फुकट हा शब्द कानावर पडला की माणसाची पुढची चौकशी बंद होते. शुभेच्छा कसली, हे मिननं विचारलं नाही. दुकानदारानं यंत्र सोनेरी कागदात गुंडाळलं, त्यावर लाल फुलाची फीत लावली, आणि सासूबाईंसाठीही एखादं घ्यावं हे न सुचता मिन आनंदानं घरी आला.

नोव्हेंबरचा डोंगर आला. साहेब सकाळपासून घुम्यासारखे चढत होते. रस्त्यात दोनदा ते वाट चुकले आणि दोन्ही वेळा सगळा विभाग त्यांच्यामागून चुकीच्या वाटेनं गेला. माथ्यावर जत्रा भरलेली. ऊन छान होतं. मिननं पिशवीतून सोनेरी पुडकं काढलं, दोन्ही हातांवर धरलं आणि कमरेत वाकला.

"साहेब, आमच्या सगळ्यांच्या वतीनं."

साहेबांनी कागद सोडला. लाल यंत्र बघून त्यांच्या भुवया जराशा वर गेल्या. त्यांनी सगळ्यात मोठं बटण दाबलं. एका तरुण बाईचा गोड, ओला आवाज माथ्यावरच्या सगळ्या पाषाणांवर आदळून परत आला:

"आई! बाबा! इतकी वर्षं आमच्यासाठी खूप कष्ट केलेत. आता आराम करा! निरोगी राहा, शंभर वर्षं जगा! तुमचीच, लाडकी मुलं!"

आणि लगेच ढोलकीच्या ठेक्यावर गाणं सुरू झालं.

सगळा विभाग एकदम बुटांच्या नाड्या बांधायला लागला. पण शेजारच्या खडकावर उन्हाची टोपी घातलेली एक म्हातारी उकडलेलं अंडं सोलत बसली होती. तिला भरून आलं.

"अगंबाई! लेकानं आणलं वाटतं! नशीब काढलंत हो आजोबा!" मग मिनकडे वळून, "असाच राहा रे बाळा. हल्ली कोण विचारतंय म्हाताऱ्यांना!"

मिन एक्कावन्न वर्षांचा होता. साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला आणि त्यामुळे केसांचा रंग जास्तच दिसायला लागला. त्यांनी बंद करायचं म्हणून एक बटण दाबलं, तर टॉर्च लागला. दुसरं दाबलं, तर आवाज वाढला. तिसरं दाबलं, तर ती बाई पुन्हा आली: "आई! बाबा!" मिननं झडप घालून यंत्र घेतलं, जाकिटात गुंडाळलं, पिशवीच्या तळाशी कोंबलं. तिथूनही ती शंभर वर्षं जगा म्हणतच होती.

"मिन," साहेब शांतपणे म्हणाले. "हे तुझ्या वडिलांना दे."

"माझे वडील वारले, साहेब."

"मग ठेव तुझ्याकडे."

त्या दिवशी साहेबांनी डबा उघडलाच नाही. उतरताना मिनच्या पाठीतून सगळी वाट गाणी वाजत होती, आणि विभाग त्याच्यापासून इतक्या अंतरावर चालत होता की अनोळखी लोकांना तो एकटाच आलाय असं वाटावं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. इथं तर मारुतीही झाला नव्हता, नुसती शेपटी हातात आली होती.

दर वर्षीप्रमाणे त्या आठवड्यात योंग-रान साहेबांच्या घरी वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायला गेली. मिननं तिला दारापर्यंत पोचवलं. "अगं, सहज विषय काढ. म्हणावं, दुकानदाराची चूक. म्हणावं, मिनला साहेब तरुणच वाटतात."

"कोबीला तिखट लावता लावता हे सगळं म्हणू?"

"हळूच म्हण."

ती संध्याकाळी हात लाल करून आली. "काही बोलता आलं नाही. साहेबांच्या बाई गप्प गप्पच होत्या. मी निघताना मात्र माझा फोन नंबर मागून घेतला."

मिनला त्यात आशा दिसली. बुडत्याला काडीचा आधार. त्यानं त्या फोन नंबराचे नाना अर्थ काढले, आणि सगळे चांगले काढले.

डिसेंबरात यादी लागली. बढतीच्या यादीत मिनचं नाव नव्हतं. दुसऱ्या, न लावलेल्या यादीत होतं. मनुष्यबळ विभागातल्या माणसानं त्याला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, सही करायला पेनही दिलं. इतकं आदरातिथ्य त्या विभागात मिनचं कधी झालं नव्हतं. एका लाल साबणाच्या डबीनं आपली नोकरी खाल्ली, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

घरी सांगायला त्याचं तोंड उघडेना. बाहेरगावी शिकणाऱ्या मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, सासूबाईंचं गुडघ्याचं औषध होतं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे योंग-रान 'तुम्ही निवडणार?' असं म्हणाली होती. म्हणून तो रोज सकाळी टाय बांधून निघे. ऑफिसचं उपाहारगृह दुरुस्तीला काढलंय असं सांगून तिच्याकडून डबा घेई. स्टेशनच्या लॉकरमधून डोंगराचे कपडे काढी, स्वच्छतागृहात सूट बदली, आणि दोबोंगसान चढे. डोंगर फुकट असतो आणि प्रवेश देताना हुद्दा विचारत नाही.

आठवड्याच्या मधल्या दिवशी डोंगर रिकामा असेल अशी त्याची समजूत होती. पण तिथं त्याच्यासारखे किती तरी लोक निघाले. चांगले कपडे, चांगले बूट, वय पन्नासच्या पुढे, आणि सगळे खडकावर बसून खालच्या इमारतींकडे बघणारे. कोणी कोणाशी ओळख काढत नसे. वाटेत समोरासमोर आलं की दोघंही झाडं बघायला लागत.

लाल यंत्र पिशवीच्या तळाशीच होतं. फेकून देववत नव्हतं, आणि सासूबाईंना दिलं तर त्या बाईचा आवाज रोज सकाळी घरात ऐकावा लागला असता. पण एका मंगळवारी थंडी फार होती, खडकावर तो एकटाच होता, आणि एकटं बसून बसून मिन रडायच्या बेताला आला होता. त्यानं यंत्र काढलं आणि बटण दाबलं.

"आई! बाबा! इतकी वर्षं आमच्यासाठी खूप कष्ट केलेत..."

"मिन?" खडकाच्या पलीकडून आवाज आला.

मिन ताडकन उठला आणि कमरेत वाकला. मग वर बघितलं. प्योसाहेब होते. केस पार पांढरे. हातात स्टेशनवरच्या टपरीवरून घेतलेली भाताची गुंडाळी.

"बस, बस. डोंगरावर कसला साहेब," ते म्हणाले, पण साहेबाच्याच आवाजात. "रजा काढलीस?"

"हो साहेब. आपण?"

"मीही."

दोघं खालच्या शहराकडे बघत बसले. यंत्र गात होतं. बंद करायचं धाडस मिनला होईना.

"तुझी रजा कधीपासून?" साहेबांनी विचारलं.

"यादी लागली तेव्हापासून."

"माझी तुझ्यानंतर आठवड्यानं. पण कळलं होतं तुझ्या आधी." त्यांनी गुंडाळीवरचा कागद सोलला. "तो शनिवार आठवतो? त्याच्या आदल्या संध्याकाळी मला वर बोलावलं होतं. अध्यक्षांचा मुलगा. माझ्या मुलापेक्षा लहान. म्हणाला, 'इतकी वर्षं खूप कष्ट केलेत, आता आराम करा.' दुसऱ्या दिवशी माथ्यावर तुझ्या त्या बाईनं तेच ऐकवलं. शब्दाला शब्द. मला वाटलं, सगळ्यांना कळलंय आणि तुम्ही मिळून माझी चेष्टा करताय."

"साहेब, नाही हो! दुकानदारानं फुकट..."

"कळलं नंतर. तुला चेष्टा कुठे जमते."

मिननं अखेर विचारलंच. "साहेब, मग माझं नाव... त्या यंत्रामुळेच ना?"

"कुठल्या यंत्रामुळे?"

"या."

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं बँकेतल्या मुलीनं पाहिलं होतं. "अरे, तुझ्या नावावर मी ऑक्टोबराच्या सुरुवातीलाच सही केली होती. वरून आकडा आला होता, तेवढी नावं द्यायची होती. तू वाडगा घेऊन उभा राहिलास ना त्या दिवशी, तेव्हा मला घास गिळवेना."

म्हणजे बँक, वॉर्ड कार्यालय, झिजलेला अंगठा, योंगसान, सोनेरी कागद, सगळं सही वाळल्यानंतरचं. मिनला आधी राग यायला हवा होता, पण आला तो अपमान. निदान आपण काहीतरी चुकून नोकरी गेली, एवढा तरी त्याला आधार होता. आता तर त्याच्या चुकीलाही काही किंमत उरली नव्हती. त्यानं फार वाईट वाटून साहेबांकडे बघितलं. साहेब सवयीनं गुंडाळीतला मुळा वेचून कागदावर ठेवत होते. तो कागद हळूहळू मिनकडे सरकला.

"साहेब," मिन म्हणाला, "मला मुळा आवडत नाही."

"अरे, मग इतकी वर्षं?"

"इतकी वर्षंही नाही आवडला."

साहेबांनी तो कागद परत आपल्याकडे ओढला. मग म्हणाले, "माफ कर." कशाबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मिननं विचारलं नाही. यंत्रावर तेवढ्यात बंदरावरचं गाणं लागलं, ती बोट निघाली, आणि साहेब बारीक आवाजात बरोबर म्हणू लागले. या वेळी मिननं टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यानंही म्हटलं.

ऑफिस सुटायच्या वेळेला घरी पोचता यावं अशा बेतानं दोघं उतरले. स्टेशनवर साहेब म्हणाले, "घरी माझ्या बायकोला काही ठाऊक नाही. तिला धक्का बसेल. तू कुठे बोलू नकोस."

"छे, साहेब. माझ्याही घरी ठाऊक नाही."

"उद्या नऊला?"

"नऊला, साहेब."

घरी आला तेव्हा योंग-रान ओट्याशी उभी राहून भाताच्या गुंडाळ्या कापत होती. ओट्यावर दोन डबे होते.

"दोन कशाला?" मिननं टाय सैल करत विचारलं.

"एक प्योसाहेबांचा," ती मान वर न करता म्हणाली. "त्यांच्या बाईंचा मघाशी फोन आला होता. म्हणाल्या, रोज टपरीवरचं खाऊन पोट बिघडवून घेतलंय. त्यांना घरून डबा देता येत नाही ना. दिला तर साहेबांना कळेल की बाईंना कळलंय. म्हणून म्हणाल्या, दोघंही त्याच डोंगरावर जातात, तर तुम्ही तुमच्या यजमानांबरोबर पाठवाल का? मुळा तेवढा घालू नका म्हणाल्या."

मिन खुर्चीवर बसला. कान तापून लाल झाले होते.

"तुला कधीपासून..."

"पहिल्याच दिवसापासून. उपाहारगृह दुरुस्तीला काढलं म्हणालात ना, त्याच दुपारी मी ऑफिसला फोन केला. त्या पोरीनं उचलला, रा का कोण. रडली बिचारी." तिनं झाकण लावलं. "तुमच्यातही मुळा घातलेला नाही. कधीच घालत नाही. लग्नानंतर पहिल्या महिन्यातच तुमच्या तोंडाकडे बघून कळलं होतं. साहेबांना मात्र सांगू नका हं, बाईंना माहीत आहे म्हणून. त्यांना फार लागेल ते."

मिननं मान हलवली. मग विचारलं ते एवढंच: "मग उद्या टाय बांधू की नको?"

"बांधा. हळू बोला. आईला अजून ठाऊक नाही."

तेवढ्यात व्हरांड्यालगतच्या खोलीतून टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"जावईबापू!" सासूबाई आतून म्हणाल्या. "तुमच्या पिशवीतलं ते लाल यंत्र मी चार्जिंगला लावलंय. सकाळी डोंगरावर जाताना घेऊन जा. आणि हो, उद्या गारठा आहे, आतून गरम घाला. मला काही नको हं माझ्यासाठी!"